एकच नवरा असल्याचा दाखला

आधीच सांगून टाकते, मला नवरा एकच आहे. पहिल्यापासून एकच. हे असं लिहून सांगायची वेळ माझ्यासारख्या बाईवर यावी हे काही बरं दिसत नाही. पण आमच्या इमारतीत, एका परदेशी वकिलातीत आणि समुद्रापलीकडच्या एका बेटावर मध्यंतरी या बाबतीत जे मतभेद झाले, ते सगळ्यांना ठाऊक आहेत, आणि खुलासा मात्र कोणालाच ठाऊक नाही. बातमी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळून वर चढते, खुलासा लिफ्टची वाट बघत खालीच उभा राहतो. म्हणून लिहायला बसले.

मी रफू करते. आमच्या पुढच्या खोलीत, खिडकीशी, जिथे दुपारी उजेड बरा असतो तिथे. कोटाच्या कोपराला पडलेलं भोक, इस्त्रीने जळलेली पॅन्ट, कसरीने खाल्लेली शाल. कापडाच्याच आतल्या शिवणीतून धागे ओढून काढायचे आणि त्याच धाग्यांनी भोक विणून बुजवायचं, असं हे काम. ते मला कोणी शिकवलं नाही. बघत बघत, बोटं टोचून घेत आलं. मी शिकलेली आहे, शिकवलेली नाही. हा फरक ज्यांना कोणी शिकवलेलं असतं त्यांच्या लक्षात येत नाही. त्यांचं चुकलं की त्यांना कळतं तरी. मला आजवर गिऱ्हाइकांनी एकतर "वा!" म्हटलंय, नाहीतर "फार लावता हो," म्हटलंय. या दोन्हींतून रफूबद्दल काडीचंही ज्ञान मिळत नाही.

तर एका बेटावर एक कॉलेज आहे, आणि तिथे जुनी कापडं दुरुस्त करायचं शिक्षण देतात, वर्षभर, वयाची अट नाही, फीसुद्धा माफ, असं आमच्या मुलीला कुठूनसं कळलं. मुलगी नोकरीवाली, चटपटीत, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. तिने माझ्या कामाचे फोटो पाठवले, नमुन्याचं एक फडकं पाठवलं, आणि "आई, तुझी मुलाखत आहे," असं सांगूनच टाकलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि "कधी?" असं विचारून बसले.

इमारतीत बातमी पोचली ती अर्थातच चुकीची. वरच्या मजल्यावरच्या काकू पेढे मागायला आल्या त्या मुलीसाठी. "पोरगी परदेशी चालली म्हणे शिकायला!"

"मुलगी नाही, मी चालले."

"तिला सोडायला?"

"शिकायला."

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की दुधाचं भांडं गॅसवर ठेवून विसरलेय की काय असं मलाच वाटलं. मग त्या सावरल्या. काकू सल्ला देताना कधी अडत नाहीत, माणूस कुठे चाललाय हे कळायचीही त्यांना गरज नसते. "बेट म्हणजे चारही बाजूंनी पाणी हं. कपडे वाळत नाहीत. आणि समुद्राकडे टक लावून बघायचं नाही, माणूस उदास होतो. माझ्या भाचेसुनेच्या भावाला झालं होतं. आणि हे गं? यांचं काय?"

हे म्हणजे आमचे हे. वजनमाप खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासले, त्यामुळे शब्दही मोजूनमापून टाकायची सवय. मी बेटाचं सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बघ." या एका शब्दाचा अर्थ होकार, की नकार, की नुसतंच 'बघ', यावर मी आठवडाभर विचार केला.

आता इंग्रजीचं सांगते, कारण सगळं रामायण तिथेच झालं. माझं इंग्रजी हे माझ्या रफूसारखंच, स्वतःचं स्वतः केलेलं. कपड्यांच्या आतल्या बाजूला शिवलेल्या चिठ्ठ्या वाचून मी अक्षरं जुळवायला शिकले. 'डू नॉट ब्लीच.' 'ड्राय इन शेड.' त्यामुळे माझ्या बोलण्यात जरा हुकूम सोडल्याचा भास होतो, पण बोलायला मी अडत नाही. पुढे मुलीच्या शाळेच्या पुस्तकातून व्याकरण उचललं. त्यात चौकट होती: 'ही' म्हणजे तो, 'दे' म्हणजे ते. मला फार सोयीचं वाटलं. चोर, कुत्रा, दूधवाल्याचा पोरगा यांना 'ही', आणि नवरा, सासरे, डॉक्टर, सेक्रेटरी यांना 'दे'. तो आला, ते आले. स्वच्छ हिशेब. इंग्रजीत आदर नावाची सोयच नाही, तिथे राजा आणि राजाचं मांजर एकाच शब्दात बसवतात, हे मला कोणी सांगितलं नाही. कोण सांगणार? शिक्षक असता तर सांगितलं असतं.

मुलाखत लॅपटॉपवर होती. नेमकी त्या दिवशी मुलगी कामानिमित्त परगावी. जाताना बजावून गेली, "आई, ही एवढी कळ दाबायची, बाकी कशालाही हात लावायचा नाही. आणि घरात शांतता ठेवा."

शांतता! सकाळपासून न्हाणीघरातला नळ धो धो वाहत होता आणि प्लंबर आत बसला होता. पण मी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला, धुतलेली साडी नेसले आणि कळ दाबली. पडद्यावर तिघं जण उमटले. मधे पांढऱ्या केसांच्या एक बाई, त्या प्रमुख. तिघंही असे हसरे, की मला वाटलं आमची जुनी ओळख असावी. प्रमुखबाईंनी माझ्या फडक्याबद्दल दोन शब्द गोड बोलून विचारलं, तुम्ही वर्षभर इकडे आलात तर घरी कोण असतं?

हा प्रश्न मी पाठ करून ठेवला होता. मी म्हणाले, "माय हजबंड. दे आर रिटायर्ड. दे आर व्हेरी क्वाएट. डू नॉट वरी."

तेवढ्यात हे मागून आले. आंघोळ अर्धवट राहिलेली, अंगात बनियन, डोक्याला ओला पंचा गुंडाळलेला, आणि तोंडात कवळी नाही. कवळीची वाटी टेबलावर, लॅपटॉपच्या शेजारीच होती. ते वाकून वाटी घ्यायला गेले आणि पडद्यावर त्यांनी स्वतःला पाहिलं. कवळीविना चेहऱ्याचा खालचा मजला बसतो, त्यात ते दचकले. पडद्यावरची माणसं "हॅलो!" म्हणाली. हे वाटी घेऊन पळाले.

ते जातात न जातात तोच प्लंबर पाना हातात घेऊन बाहेर आला. "ताई, वायसर गेलंय. नुसतं वायसर नाही, सगळंच गेलंय."

"अँड दिस?" असं काहीसं पडद्यातून आलं. त्यांचे उच्चार मला पुरते कळत नव्हते. आणि न कळलेल्या इंग्रजीला "येस" म्हणून हसायचं, हा माझा जुना नियम. "येस, येस," मी म्हणाले. मग वाटलं, माणूस घरात आहे तर दोन चांगले शब्द बोलावेत. "दे आर व्हेरी नाइस. दे कम व्हेनएव्हर आय कॉल."

मग आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. खालच्या घराच्या छताला ओल आली म्हणून तक्रार घेऊन आले, आणि "वहिनी, हे असं चालायचं नाही," असं म्हणत न विचारता माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. पडद्यात पुरते मावतील असे बसले. मी ओळख करून दिली, "दे आर सेक्रेटरी. दे कम डेली." सेक्रेटरींनी पडद्याला हात जोडले.

आणि सगळ्यात शेवटी हे परत आले. कवळी लावून, भांग पाडून, लेकीच्या लग्नातला कोट घालून. मघाशी झालेल्या फजितीची भरपाई म्हणून माझ्या खुर्चीमागे खांद्यावर हात ठेवून, लग्नाच्या फोटोत असतात तसे ताठ उभे राहिले.

"हजबंड!" मी अभिमानाने म्हणाले.

"अनदर?" प्रमुखबाईंनी विचारलं असावं. मला तेव्हा ते "वंडरफुल" सारखं काहीतरी ऐकू आलं.

"येस," मी म्हणाले.

प्रमुखबाईंनी छातीवर हात ठेवला. इतका आधार देणारं घर आम्ही फार क्वचित पाहतो, अशा अर्थाचं त्या बोलल्या, आणि त्यांचे डोळे खरंच ओलावले होते.

चार दिवसांत मुलीच्या फोनवर निरोप आला. प्रवेश मिळाला होता. मुलगी नाचत वाचून दाखवत होती, आणि वाचता वाचता थांबली. पुढे लिहिलं होतं, की आमच्या बेटावर नाना देशांचे, नाना रीतींचे लोक गुण्यागोविंदाने राहतात, कुटुंबाचा कोणताही आकार आम्हाला परका नाही, आपल्या पतींपैकी कोणाला सोबत यायचं असल्यास सगळ्यांचं मनापासून स्वागत आहे, कृपया पतींचा नंबर कळवावा.

"आपल्या पतींचं!" मी म्हणाले. "बघ, आदराने लिहितात. नाहीतर तुझ्या ऑफिसातले."

"आई, थांब. 'पतींपैकी' म्हणजे काय?"

पण तिच्या बॉसचा फोन आला आणि ती गॅलरीत गेली. नंबर मागितलाय तर देऊन टाकावा, लोकांना ताटकळत ठेवू नये. मी तिच्या फोनवरून यांचा मोबाइल नंबर पाठवून दिला. दहाच्या दहा आकडे.

बेटावर त्यानंतर बराच काळ शांतता होती. मग एक अत्यंत सभ्य निरोप आला, की काहीतरी गैरसमज दिसतो, तरी आम्ही मुलाखतीच्या चित्रांसह सगळं वकिलातीला कळवलं आहे, व्हिसाच्या वेळी तिथले लोक पाहून घेतील. मुलीने मागचे सगळे निरोप पुन्हा वाचले, "अगं, नंबर म्हणजे संख्या, पती किती ते!" म्हणत कपाळाला हात लावला, आणि जमिनीवर बसून इतकी हसली की मला आधी राग आला आणि मग घाम फुटला.

यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांची मापं तपासली. आता माझीच मोजणी."

वकिलातीत काचेमागे एक बाई बसली होती. बांधेसूद, नीटनेटकी, हसण्याचं खातं बंद ठेवलेली. तिने मुलीकडे पाहून विचारलं, "विद्यार्थिनी?" मुलीने माझ्याकडे बोट केलं. काचेमागची बाई माझ्या केसांकडे, मग चपलांकडे, मग पुन्हा केसांकडे बघून कागद चाळायला लागली. मग तिने काचेला एक चित्र टेकवलं. त्यात मी होते, आणि माझ्याभोवती, वेगवेगळ्या चौकटींत, चार पुरुष. एक डोक्याला पंचा गुंडाळलेला बोळका, एक पानेवाला, एक हात जोडलेला, आणि एक कोटातला.

मुलीने जीव तोडून समजावलं. आदरार्थी बहुवचन म्हणजे काय हे त्या दिवशी परदेशी भाषेत, काचेतून, टोकनचा नंबर पुकारला जात असताना समजावून सांगणारी माझी लेक बहुधा पहिलीच असावी. बाईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, लग्नाचं सर्टिफिकेट आहे, त्यावरून किमान एक सिद्ध होतो. कमाल सिद्ध होत नाही.

मुलीने याचा अर्थ सांगितला तेव्हा मला त्या बाईबद्दल आदरच वाटला. नियमात बसणारं होतं ते. दोन प्रतिष्ठित शेजाऱ्यांची साक्ष, चित्रातल्या इतर पुरुषांचा आपण पती नसल्याचा खुलासा, वकिलाचा शिक्का, आणि स्वतः पती हजर. हे सगळं वर्ग सुरू व्हायच्या आत. नाहीतर माझी जागा यादीतल्या पुढच्या बाईला. मला ती पुढची बाई दिसायलाच लागली. तरुण, 'ही' आणि 'दे' मधला फरक पाळण्यातच शिकलेली.

प्लंबरला बोलावलं. तो खरंच बोलावलं की येतो. "ताई, लिहून द्यायला माझी ना नाही," तो डोकं खाजवत म्हणाला, "पण आमच्या घरी कळलं तर काय सांगू? ती म्हणणार, आजपर्यंत कुणाला असं लिहून द्यायची वेळ आली नव्हती, आताच बरी आली." शेवटी दुकानाचा शिक्का मारून दिलं त्याने. वर नळ दुरुस्त करायचं राहिलंच.

सेक्रेटरींनी खुलासा लगेच दिला, फार गंभीर चेहऱ्याने. पण साक्षीला नकार. "वहिनी, मी संशयितांपैकी आहे. संशयिताला साक्षीदार होता येत नाही. उद्या सभेत कोणी विचारलं तर?" आणि मग आवाज खाली आणून, "तसा फोटो बरा आलाय का हो माझा?"

राहिल्या वरच्या काकू. त्यांनी चष्मा लावून मसुदा वाचला. "मी प्रामाणिकपणे काय सांगू शकते? तुझ्याकडे दुसरा कधी पाहिला नाही, हे खरं. पण बाई, पहिलाही फारसा दिसत नाही गं. तो घरात असतो हे मी खोकल्यावरून ओळखते."

"मग तसं लिहा."

"खोकला एकच ऐकू येतो, असं लिहू?"

तसंच लिहिलं त्यांनी. दुसरी साक्ष आमच्या वाण्याने दिली, की यांच्याकडे साखर दोन माणसांची जाते, पाहुणे सोडून. यांना ती साक्ष सगळ्यात पटली. वजनात होती.

वकीलसाहेबांच्या कचेरीत खुर्च्यांवर दहा माणसं बसलेली, आणि त्यांना मसुदा मोठ्याने वाचायची खोड. "मी खाली सही करणार, वय वर्षं अमुक, प्रतिज्ञापूर्वक सांगते की मला पती फक्त एक आहे." दहा माना वळल्या. वकीलसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, मला तीस वर्षं झाली. दुसरा लपवायला येतात. एकच असल्याचं सांगायला कोणी आलं नाही आजवर." आणि इतक्या जोरात शिक्का मारला, की एक म्हातारे गृहस्थ झोपेतून उठले.

परतताना बसमध्ये हे खिडकीपाशी बसले होते. मला एकदम सगळ्याची शरम वाटली. म्हटलं, "अहो, राहू दे ना. नाही जात. या वयात कशाला नसती थेरं. लोक हसतायत तुम्हाला."

ते बाहेर बघत राहिले. आमचा थांबा आला तेव्हा उठता उठता म्हणाले, "मला हसतायत ना? मग मी बघतो." माझ्या लक्षात आलं, की हा 'बघ' तो 'बघ' नव्हता.

वकिलातीत दुसऱ्यांदा गेलो तेव्हा यांनी तोच कोट घातला होता. काचेमागच्या बाईने सगळे कागद एकावर एक लावले. पानेवाला बाजूला काढला. हात जोडलेला बाजूला काढला. उरले दोन. एक कोटातला, तो समोर उभाच होता. आणि एक पंचावाला बोळका.

"हा कोण?" तिने मुलीला विचारलं.

"तेही बाबाच. एकच माणूस."

बाईने चित्र बघितलं, यांना बघितलं, पुन्हा चित्र. तिचंही काही चुकत नव्हतं. कवळी लावली की हे साहेब दिसतात आणि काढली की साहेबांचे वडील. "मला हे दोघं एक दिसत नाहीत," ती म्हणाली.

मुलीने मान खाली घातली. मागे रांग होती, बाकांवर माणसं होती, भिंतीवर त्या बेटाच्या निळ्या पाण्याचं मोठं चित्र होतं. मी म्हटलं, "चला हो घरी." मला माहीत होतं पुढे काय मागणार ते. हा माणूस माझ्यासमोरसुद्धा कवळी काढत नाही. पाठ फिरवून काढतो, झाकण लावून ठेवतो.

यांनी खिशातून रुमाल काढला, नीट चौकोनी उघडून तळहातावर ठेवला. मग काचेसमोर सरळ उभे राहून कवळी काढली. वरची, मग खालची. रुमालात ठेवली. आणि चित्रातल्यासारखं दिसावं म्हणून शेजारी ठेवलेली माझी ओढणीवजा शाल घेऊन डोक्याला गुंडाळली.

रांगेत कोणीतरी हसलं आणि मधेच थांबलं. बाईने चित्र वर धरलं, यांच्याकडे पाहिलं, आणि चित्र हळूच खाली ठेवलं. "थँक्यू, सर," ती म्हणाली. त्या काचेमागून 'सर' आल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

पण नियम राहिलाच होता. आता हे मला अर्जदाराच्या तोंडून, तिच्या शब्दांत ऐकायचंय, बाई म्हणाली. घरी कोण राहणार? मुलीने मधे बोलायचं नाही.

मी सुरुवात केली. "माय हजबंड. ओन्ली वन." इथवर उत्तम. "दे..."

बाईने पेन खाली ठेवलं.

मला चूक कळत होती. शब्द कोणता हवा तेही कळत होतं. पण हे शेजारी उभे. 'तो' म्हणायचं? तो घरी राहणार, तो म्हातारा, तो जेवणार? यांच्या तोंडावर? इतका संसार झाला, भांडणातसुद्धा मी 'अहो'वरून खाली उतरले नाही. आणि आत्ता, माणूस दात हातात घेऊन माझ्यासाठी उभा असताना, याच घटकेला मी त्याला अरे-तुरे करू? बाई वाट बघत होती. पुढची ती तरुण विद्यार्थिनी माझ्या डोळ्यांसमोर बॅग भरायला लागली.

तेव्हा हे बोलले. बोळक्या तोंडाने, सगळे शब्द फेसाळत. "म्हन की. 'ही' म्हन. मी काय वजनात घटत नाही."

आणि मग मलाच ऐकू आलं. 'ही'! इंग्रजीतला तो म्हणजे आमच्यातली ही. "आमची ही बाहेर गेलीय." "हिला विचारा." लग्नापासून माझं नाव न घेता हे ज्या एका अक्षराने मला हाक मारतात, तेच अक्षर. म्हणजे यांना अरे-तुरे नव्हतंच ते. माझंच नाव होतं, ते काही वेळ यांना वापरायला द्यायचं होतं.

"ही," मी म्हणाले. "ही विल स्टे ॲट होम. ही इज वन."

बाईने लिहून घेतलं. मग पेनाचं टोपण लावता लावता यांना विचारलं, हे बहुधा नियमात नव्हतं, की तुम्ही एवढं सगळं केलंत, तुमच्या पत्नी एवढी वर्षं काम करतायत, लोक पैसे देऊन करून घेतात, मग या वयात शिकायला कशाला जायचं? मुलीने मराठी करून सांगितलं.

मला वाटलं, हे 'बघ' म्हणतील. पण ते म्हणाले, "हिला आजवर कोणी काही शिकवलं नाही. सगळं एकटीने शिकली. एकदा कोणीतरी शेजारी बसून हिला शिकवावं."

मुलीला त्याचं इंग्रजी लगेच करता आलं नाही. तिने दोनदा नाक ओढलं. बाई थांबली. मग शिक्का वाजला.

बेटाबद्दल काय सांगू? समुद्र आहे, कपडे वाळतात, मी टक लावून बघितलं तरी उदास झाले नाही. कॉलेजच्या वसतिगृहात जितके देश तितक्या चपला दाराशी, आणि प्रत्येकाचं इंग्रजी आपापल्या घरून आणलेलं. माझं त्यात सहज खपून गेलं. माझ्या खोलीत, प्रेमाने, पाच खाटा मांडून ठेवलेल्या होत्या. चार परत न्यायला लावताना प्रमुखबाई किंचित हिरमुसल्या असं मला वाटलं.

वर्गात मोठी पांढरी टेबलं, खिडक्यांतून सरळ उजेड. पहिल्या दिवशी शिक्षिकेने प्रत्येकाला जुन्या लोकरी कापडाचा एक फाटका तुकडा दिला आणि म्हणाली, तुमच्या पद्धतीने दुरुस्त करा. मी मन लावून केलं. भोक कुठे होतं ते शोधावं लागेल असं. शेजारची मुलगी वाकून बघत म्हणाली, "वॉव." ते मी ऐकलंय आयुष्यभर.

शिक्षिका आली. तिने तुकडा उजेडात धरला, उलटा केला, दोन बोटांत हलकेच ताणला. मग म्हणाली, सुंदर आहे, पण चूक आहे. तुमचं रफू कापडापेक्षा घट्ट आहे. उद्या ताण बसला तर रफू टिकेल आणि शेजारचं जुनं कापड फाटेल. दुरुस्ती कापडापेक्षा थोडी अशक्त हवी. तुटायचं तर तिने तुटावं. उसवा हे.

मी कात्रीचं टोक घातलं आणि उसवायला लागले. एक धागा, दुसरा धागा. मला किती कोट आठवले, किती शाली, वर्षा-दोन वर्षांनी भोकाच्या शेजारीच पुन्हा फाटून आलेल्या. मी म्हणायची, कापडच जुनं हो. हातातला तुकडा दिसेनासा झाला. शेजारच्या मुलीने घाबरून रुमाल पुढे केला. शिक्षिकेचा चेहरा पडला. तिने विचारलं, मी फार कडक बोलले का? तुम्हाला थोडी विश्रांती हवी का?

"नो," मी म्हणाले. "डू नॉट स्टॉप. से अगेन. व्हेअर आय ॲम राँग."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग शेजारच्या टेबलाजवळचं स्टूल पायाने ओढून घेतलं, माझ्या अगदी जवळ बसली, आणि माझा हात धरून सुई पहिल्या टाक्यापासून पुन्हा घालायला लागली.